कड्याकडून आलेली ओ

ढग खाली राहतात आणि माणसं वर, अशा एका उंच पठारावर एक गाव होतं. गाव म्हणजे काय, थोडी घरं, एक भैरोबाचं देऊळ, एक चावडी, आणि चहूकडे वाऱ्यानं वाकलेलं गवत. उन्हाळ्यात तिथं गेलेल्या माणसाचा पाय निघत नसे. पण पौषात जाऊन बघा म्हणावं. सकाळी गवतावर पांढरं हिव साचलेलं, बाहेर राहिलेल्या घागरीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला, आणि दरीतून वर आलेलं धुकं इतकं दाट, की आपला हात डोळ्यांपुढं धरला तरी तो दुसऱ्याच कुणाचा वाटावा.

अशा ऐन पौषात त्या गावात धाव लागायची. उजाडता उजाडता देवळापासून निघायचं, सगळं पठार ओलांडून पलीकडच्या टोकाला एक म्हातारं जांभळीचं झाड होतं तिथवर जायचं, झाडाची डहाळी तोडून कमरेला खोचायची, आणि त्याच वाटेनं परत यायचं. जो पहिला परत येईल तो वर्षभर गावाचा वाटाड्या. घाट चढून येणारे मीठवाले, त्यांचे लादलेले बैल, लग्नाची वऱ्हाडं, माहेरी निघालेल्या लेकी, सगळ्यांना धुक्यातून सुखरूप नेणं हे वाटाड्याचं काम. मान केवढा म्हणाल, तर चावडीत पाटलाच्या शेजारी त्याची घोंगडी अंथरलेली असायची.

धावेचा नियम एकच, पण कडक. धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, म्हणून मागच्यानं हाळी द्यायची आणि पुढच्यानं तिला ओ द्यायची. कितीही घाई असो, ओ द्यायचीच. कारण ती वाट एका वळणावर कड्याला अगदी खेटून जायची. कड्याखाली दरी होती. तिथं दगड टाकला तर तो पडल्याचा आवाजच येत नसे. 'आणि समजा ओ नाही दिली तर?' असं एखाद्या चोंबड्या पोरानं विचारलं, की म्हातारी माणसं विषय बदलायची. 'आधी जेव गुमान,' म्हणायची.

या गावाचा वाटाड्या होता हैबती. उंच, काटक, पायांत वारं भरलेला. कित्येक वर्षं ती धाव त्यानंच मारली होती. आणि आवाज तर असा खणखणीत, की त्याची ओ आली म्हणजे बैलसुद्धा बिनघोर पाऊल टाकायचे. हैबतीला स्वतःच्या पायांपेक्षा त्या आवाजाचाच जास्त अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

पण त्या वर्षी दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं. पाण्याची कावड घेऊन चढण चढला की त्याच्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज यायचा. मग वहाणेचा अंगठा नीट करण्याचं निमित्त करून तो खाली वाकायचा आणि धाप ओसरेपर्यंत वाकलेलाच राहायचा. वय झालं याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. ते लोकांच्या ध्यानात येईल, या विचारानं मात्र त्याची झोप उडाली होती.

हैबतीची बहीण भिवरा. नवरा लवकर गेला, म्हणून ती तान्हं लेकरू घेऊन भावाच्या घरी आली होती. ते लेकरू म्हणजे सुभाना. हैबतीला मूलबाळ नव्हतं, त्यानं भाच्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पळायला त्यानंच शिकवलं. धुकं पडलं की हैबती पुढं जायचा आणि आवाज द्यायचा, 'ये रे बाळा, असा इकडनं ये.' आणि ते पोर दुडूदुडू त्या आवाजामागं यायचं. आता सुभाना चांगला बाप्या झाला होता, त्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्या पौषात तो पहिल्यांदाच धावेला उतरणार होता.

धावेच्या सकाळी भिवरानं दोघांच्या पोटऱ्यांना तिळाचं तेल चोळलं, दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग भावाजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, जिंकायचं त्यानं जिंकावं. पण कड्याच्या वळणाला सुभानाला ओ देत जा. त्यानं ती वाट धुक्यात कधी केली नाही."

"आता हे तू मला सांगणार," हैबती म्हणाला.

"सांगते. मला एकच आहे तो."

सुभाना हसून म्हणाला, "आई, मामा पुढं असल्यावर कसली काळजी? मी आपला त्यांच्या आवाजामागं जाईन."

पाटलानं देवळातली घंटा दिली आणि धाव सुटली.

काय गारठा होता म्हणून सांगू. श्वास घेतला की नाकात सुया टोचाव्या. मुंडाशात गुंडाळलेले कान बधीर झालेले, आणि पायाखालचं गोठलेलं गवत कचकच मोडत होतं. थोड्याच वेळात गाव मागं पुसून गेलं. सुरुवातीला भोवती बरीच पावलं वाजत होती, बऱ्याच हाळ्या येत होत्या. हळूहळू त्या मागं पडत गेल्या आणि एकच हाळी पाठीशी राहिली. ती सुभानाची. हैबती तिला ओ देत होता, पण दर ओ नंतर त्याला वाटायचं, आत्ता काहीतरी तुटलं छातीत.

जांभळीपाशी पोहोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. तो खोडाला धरून उभा राहिला. धाप काही केल्या आवरेना. डहाळी तोडतोय तोच धुक्यातून सुभाना आला. गाल लाल, अंगातून वाफा निघताहेत, पण श्वास कसा अगदी संथ.

तो थबकला. मामाकडं बघून काळजीनं म्हणाला, "मामा, दम लागला का? जरा बसता का?"

त्या पोराच्या मनात काळं नव्हतं हो. पण हैबतीला ते शब्द झोंबले. कित्येक वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. "दम लागायला काय झालंय मला," असं म्हणून त्यानं डहाळी कमरेला खोचली आणि मागं न बघता सुटला.

परतीच्या वाटेवर धुकं आणखी दाटलं. हैबती पळत होता, पण आता पायांकडं त्याचं लक्षच नव्हतं. त्याला एकच ऐकू येत होतं, आपल्या छातीतला तो फाटका आवाज. त्यानं ओठ घट्ट मिटले, नाकानंच श्वास घेऊ लागला, कसंही करून आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

कड्याचं वळण जवळ आलं तशी मागून हाळी आली.

"मामा, हो ऽऽ."

हैबतीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या मनात आलं, आत्ता ओ दिली तर ती धापेसकट जाईल. पोराला कळेल मामा दमला. तो जोर करेल, मला मागं टाकेल, आणि संध्याकाळपर्यंत चावडीवर सगळे म्हणतील, हैबती संपला. एका हाळीला ओ नाही दिली म्हणून काय मोठं बिघडतंय? जाताना याच वाटेनं आलाय की तो.

तो गप्प राहिला.

"मामा, हो ऽऽ."

हैबती गप्पच.

मागची पावलं मंदावली. तिसऱ्या हाळीत पहिल्यांदाच भीती होती. "मामा, ओ द्या. मला काही दिसत नाही."

आणि ओ आली.

हैबतीनं दिली नव्हती. ती उजव्या अंगानं आली. उजव्या अंगाला जमीन नव्हती, तिकडं नुसती दरी होती. आणि आवाज होता हैबतीचाच. आत्ताचा नाही, भर उमेदीतला. खणखणीत, मोकळा, धाप कशाला म्हणतात ते ठाऊकच नसलेला.

"ओ ऽऽ."

हैबतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपलाच आवाज, आणि आपलं तोंड मिटलेलं.

"आलो मामा," सुभाना म्हणाला. केवढा जीव भांड्यात पडला होता त्याचा. त्याची पावलं वाटेवरून वळली आणि हिवाळलेल्या गवतात शिरली. कचकच, कचकच, उजवीकडं.

"ये रे बाळा," तो आवाज प्रेमानं म्हणाला. "असा इकडनं ये."

आता खरी गोष्ट सांगायची तर सांगतोच, झाकून काय ठेवायचं? ते ऐकूनसुद्धा हैबती काही पावलं गावाकडं पळाला. देवळातला नगारा ऐकू येत होता. आता कुणी त्याला गाठणार नव्हतं. मनानं शंभर सबबी काढल्या. भास असेल. डोंगरातून घुमलेला आवाज असेल. पोर काय लहान आहे, कड्याशी गेल्यावर थांबेल की. माणसाला एकदा स्वतःची समजूत घालायची असली की काय वाटेल ते सुचतं.

पण मग त्याला भिवराचा तेलानं माखलेला हात आठवला, गुळाचा खडा पुढं करणारा. तो थांबला, वळला, आणि जीव खाऊन ओरडला.

आवाज निघालाच नाही.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, पण शब्द नाही की सूर नाही. तोंडातून नुसती वाफ आली. तिकडं कड्यापलीकडं मात्र त्याचा आवाज मजेत हाका मारत होता.

मग हैबती धावला. आयुष्यात कधी धावला नव्हता असा, सुभानाच्या पावलांमागं, गवतातून. आणि इथं दुसरंच आक्रीत घडलं. सुभानाला मागून कुणाची तरी पावलं ऐकू आली.

"कोण आहे मागं?" त्यानं विचारलं.

हैबतीला सांगता येईना.

"कोण आहे? ओ का देत नाही?"

पुढून मामा बोलावतोय, आणि मागून कुणीतरी मुकाट धावत येतंय, धुक्यात, ओ न देता. सुभानाची पाचावर धारण बसली. तो पुढच्या आवाजाकडं आणखी जोरात पळू लागला. हैबतीनं वेग वाढवला तशी त्याचीही पावलं जलद पडू लागली. पोराला वाचवायला टाकलेलं प्रत्येक पाऊल त्याला कड्याकडंच हाकलत होतं. हे हैबतीच्या ध्यानात आलं.

तो जागच्या जागी उभा राहिला. उभ्या जन्मात धावेच्या मध्येच असा तो कधी थांबला नव्हता.

मागची पावलं थांबली तसा सुभानाही थबकला. त्याच्या पायाखालून मातीचं ढेकूळ सुटलं आणि खाली गेलं. पडल्याचा आवाज आला नाही.

"आता थोडंच राहिलं, बाळा," पुढून आवाज म्हणाला. "ये. मी आहे ना."

हैबती गुडघ्यांवर बसला. गळा मेला होता, हाक मारायची सोय नव्हती. जवळ उरली होती ती एकच गोष्ट, जी तो दिवाळीपासून सगळ्या जगापासून लपवत आला होता. त्यानं मिटलेले ओठ उघडले, छाती मोकळी सोडली आणि धाप येऊ दिली. घरघरत, खरखरत, फाटत ती बाहेर आली. त्यानं ती दाबली नाही. उलट होती नव्हती तेवढी सगळी बाहेर काढली.

धुक्यात सुभाना ऐकत राहिला. समोर मामाचा सुरेख आवाज, आणि मागं ही धाप. त्याला जांभळीखालचा मामा आठवला, खोडाला धरून उभा असलेला.

"मामाला तर दम लागलाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग समोर बघून त्यानं हळूच विचारलं, "तुम्हाला कसा नाही लागला?"

समोरचा आवाज गप्प झाला.

सुभाना एकेक पाऊल मागं सरकू लागला. पाठ वळवायचा त्याला धीर झाला नाही. धापेच्या रोखानं मागं येत येत त्याची टाच हैबतीच्या गुडघ्याला लागली. तो खाली बसला, त्यानं चाचपून मामाचा हात शोधला आणि घट्ट धरला. तो हात थंडगार होता. दोघं तसेच रांगत रांगत वाटेवर आले.

गावात पोहोचले तेव्हा धाव कधीच संपली होती. पाटलाचा पुतण्या पहिला आला होता आणि आपण पहिले कसे आलो हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. बाकीचे सगळे शेकोटीभोवती उभे होते. भिवरानं लेकाला पोटाशी धरलं, कपाळ, गाल, हात चाचपून बघितले. मग घडलेलं ऐकत ऐकत तिचा चेहरा बदलत गेला.

"कड्याकडं कुणाच्या आवाजानं गेलास?" तिनं विचारलं.

सुभानानं मान खाली घातली. "मामांच्या."

शेकोटीभोवती कुजबुज उठली. भाचा पुढं जाईल म्हणून मामानंच त्याला कड्यावर बोलावलं, असंच ज्याच्या त्याच्या मनात आलं. पाटलानंही हैबतीकडं पाहिलं. हैबती बोलू शकत नव्हता. पण भिवरानं दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. ती भावासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, माझ्याकडं बघ. त्याला ओ तू दिलीस?"

हैबतीनं तिच्याकडं पाहिलं. नाही म्हणून मान हलवली तर कड्यावर बोलावल्याचा डाग पुसला जाणार होता. पण त्याच एका हलण्यानं दुसरंही कबूल होणार होतं, की पोरगं हाळीवर हाळी देत असताना हा मुका राहिला. त्याचे डोळे भरून आले.

त्यानं मान हलवली. नाही.

आणि त्याच वेळी, सगळे त्याच्या मिटलेल्या तोंडाकडं बघत असताना, लांब पठाराच्या कडेनं, चांगलं उजाडलेलं असताना, त्याचा आवाज आला.

"ओ ऽऽ."

बाया पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं भिवरानं आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि भावाच्या खांद्यांवर टाकली. पण त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्याचं त्याला काही नवल वाटलं नाही.

हैबतीचा आवाज परत आला नाही. पुढचा पौष आला तेव्हा पाटलानं धावेची रीत बदलली. पहिला कोण आला ते आता कुणी विचारत नाही. सगळे परत येईपर्यंत थांबतात, आणि जो सर्वांत शेवटी येतो त्याला विचारतात, 'तुला ओ कुणी दिली?' तो ज्याचं नाव घेईल तो वाटाड्या. त्या वर्षी सुभानाचं नाव निघालं. धापा टाकत का होईना, त्यानं एकही हाळी वाया जाऊ दिली नव्हती.

अशी पुष्कळ वर्षं गेली. हैबती गेला, भिवरा गेली, सुभानाच्या मिशा पिकल्या. मग एका पौषात धुकं फार दाट पडलं. सर्वांत शेवटी आला तो कुंभाराचा नवखा जावई, परगावचा माणूस, या गावात पहिल्यांदाच धावलेला. रिवाजाप्रमाणे त्याला विचारलं, ओ कुणी दिली?

"नाव नाही माहीत," तो म्हणाला. "आवाज मात्र फार गोड होता. पण मी तिकडं गेलो नाही."

"का बरं?"

"मागं कुणीतरी बसलं होतं. म्हातारं माणूस असावं. फार धाप लागली होती बिचाऱ्याला. त्याला विचारावं म्हणून मी मागं फिरलो, तर वाटेला लागलो." तो भोवतालच्या माणसांकडं बघू लागला. "ते आले का घरी?"

सुभानानं पागोटं डोळ्यांना लावलं आणि पाटलाला म्हणाला, "यानं नाव घेतलं नसलं तरी चालेल. पण या वर्षी मामांची घोंगडी अंथरा."

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य एवढंच: मागून कुणी विश्वासानं हाक मारली, तर आपला आवाज कसा निघेल याचा विचार करत बसू नये, असेल तशी ओ द्यावी. आपण गप्प राहिलो, तर त्या हाकेला भलताच कुणीतरी ओ देतो, आणि माणूस त्याच्यामागं जातो.